नवं नेट कनेक्शन घेताय? आधी एवढं करून बघा

जाहिरातीतला आकडा बघून प्लॅन घेतला की नंतर बिलही वेगळं येतं आणि स्पीडही, म्हणून मी आता कंपन्यांची तुलना अशी करते.

१. महिन्याचा रेट बघायचाच नाही. 12 महिन्यांचा सगळा खर्च कागदावर मांडायचा, म्हणजे प्लॅन, टॅक्स, इन्स्टॉलेशन, राउटरचं भाडं, आणि ऑफर संपल्यावरचा रेट पण, मग 12 ने भागायचं. स्वस्त वाटलेला प्लॅन बऱ्याचदा इथेच महाग निघतो.

२. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, 100 एमबी (मेगाबाइट) नाही. 8 बिटांचा एक बाइट, म्हणून जेमतेम साडेबारा एमबी. अपलोड स्पीड, म्हणजे आपल्याकडून डेटा बाहेर जायचा स्पीड, वेगळा विचारा, व्हिडिओ कॉलवर समोरच्याला आपला चेहरा अडकलेला दिसतो तो बहुतेक हा स्पीड कमी असल्यामुळेच. डेटा लिमिट संपल्यावर स्पीड किती उरतो तेही विचारा.

३. सगळ्यात महत्त्वाचं, आपल्याच बिल्डिंगमध्ये ती कंपनी वापरणारं कोणी असेल तर रात्री नऊच्या सुमाराला त्यांच्याकडे स्पीड टेस्ट करून बघा, जमलं तर लॅपटॉपला केबल लावून, कारण वायफाय भिंतीआड गेलं की खरा आकडा कळतच नाही. आणि त्यांना एवढंच विचारा, मागच्या वेळी नेट गेलं तेव्हा किती वेळाने आलं? कस्टमर केअरला तर मी कनेक्शन घ्यायच्या आधीच रविवारी संध्याकाळी फोन लावते, माणूस किती मिनिटांनी बोलतो ते घड्याळ लावून बघते.

फक्त डिस्काउंटसाठी वर्षाचे पैसे एकदम भरू नका, पहिला महिना वापरून बघा.