शिक्र्याचे पीस ओळखताना

सापडलेल्या पिसावरून लहान शिकारी पक्षी ओळखू पाहणाऱ्या नवशिक्यांना माझे पहिले सांगणे असे की, पक्षी कोणता हे ठरवण्याआधी ते पीस अंगाच्या कोणत्या भागातले आहे हे ठरवावे. सगळी अडचण इथेच आहे. शिक्रा आणि बेसरा यांच्यातला फरक पुस्तकात सोपा वाटतो: शिक्र्याच्या शेपटीवरचे गडद पट्टे अरुंद, तर बेसऱ्याचे रुंद, मधल्या फिकट भागाइतके किंवा त्याहूनही अधिक. परंतु हे वर्णन पसरलेल्या पूर्ण शेपटीचे आहे, आणि आपल्यापुढे असते त्यातले एकच पीस.

शिक्र्याच्या शेपटीत बारा पिसे असतात आणि ती एकसारखी नसतात. प्रौढ नराची अगदी मधली जोडी जवळजवळ कोरी राखाडी असते. तिच्या लगतच्या पिसांवर मोजके, ठळक पट्टे दिसतात. सर्वांत बाहेरच्या पिसांवर मात्र पट्टे बारीक, दाट आणि पुसट होतात. एकाच पक्ष्याची ही तीन पिसे शेजारी ठेवली, तर ती तीन जातींची वाटावीत. त्यात वयाची भर पडते. कोवळ्या शिक्र्याचा रंग तपकिरी असतो, त्याच्या मधल्या पिसांवरही स्पष्ट पट्टे असतात, आणि पहिल्या पीसझडीच्या काळात त्याच्या अंगावर जुनी तपकिरी व नवी राखाडी अशी दोन्ही पिसे एकाच वेळी असतात. उन्हाने विटलेले राखाडी पीसही तपकिरी दिसू लागते. म्हणून रंगावर विसंबू नये, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

जागा ओळखण्याचा मार्ग दांड्यातून जातो. दांडा पिसाच्या बरोबर मधून जात असेल आणि दोन्ही बाजूंची पाती सारख्या रुंदीची असतील, तर ते शेपटीचे मधले पीस. एका बाजूचे पाते अरुंद होत गेले, तर आपण शेपटीच्या कडेकडे सरकत आहोत. पीस लांब व ताठ आहे, बाहेरचे पाते फारच चिंचोळे आहे आणि टोकाकडे ते एकदम खाच पडल्यासारखे निमुळते झाले आहे, तर ते पंखाच्या टोकाचे. उडताना पंखाला जी ‘बोटे’ दिसतात, ती या खाचांमुळेच. शिक्रा आणि बेसरा यांच्या पंखाला अशी पाच बोटे असतात, तर हिवाळ्यात येणाऱ्या युरेशियन स्पॅरोहॉकला सहा. पण हे मोजायला पूर्ण पंखच हवा.

एवढे जमले की अर्धे काम झाले, असे मी खात्रीने सांगतो. तोवर निराश होऊ नये. हा अभ्यास कष्टाचाच आहे, आणि बाहेरच्या बाजूचे एकटे पीस पाहून आजही माझा जीव टांगणीला लागतो.

पुढची सावधगिरी परक्या पिसांबद्दलची. पावशा उडताना थेट शिक्र्यासारखा दिसतो आणि त्याच्या शेपटीवरही पट्टे असतात. मात्र कोकिळकुळातला असल्याने त्याच्या शेपटीत दहाच पिसे असतात. पिंगळ्याचे पट्टेदार तपकिरी पीसही शिक्र्याचे म्हणून खपते. त्याच्या पृष्ठभागावरून बोट हलकेच फिरवावे: घुबडाच्या पिसाला मखमलीसारखी लव लागते, शिक्र्याचे पीस गुळगुळीत असते.

छायाचित्रावरून क्षणात नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर माझा भरवसा नाही, आणि समूहात टाकलेल्या फोटोखाली एका शब्दात ‘शिक्रा’ लिहून मोकळे होणाऱ्या जाणकारांवर तर त्याहून कमी. ‘कशावरून?’ असे विचारल्यावर जो पिसाच्या कडेवर बोट ठेवून उत्तर देतो, त्याच्याकडून शिकावे. तुलनेसाठी अहमदाबादेत सुरू झालेल्या ‘फेदर लायब्ररी’च्या संकेतस्थळावरील पसरलेल्या पंखांची व शेपट्यांची छायाचित्रे निवांत पाहावीत, तो वेळ वाया जात नाही.

पीस घरी मात्र आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्ष्यांना संरक्षण दिलेले आहे आणि ‘आपोआप गळलेले होते’ ही सबब मोराच्या पिसाला चालते म्हणून शिक्र्याच्या पिसाला चालेल असे समजू नये. जागेवरच शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, दांड्याचे बूड आणि टोक स्पष्ट दिसेल असे पाहावे, आणि झाडी कशी आहे तेही टिपावे. कारण शिक्रा शहरातल्या झाडांवरही राहतो, तर बेसरा सह्याद्रीतल्या दाट जंगलाचा पक्षी आहे. एवढे करूनही जात ठरत नसेल, तर वहीत ‘शिक्रा किंवा बेसरा, शेपटीचे बाहेरचे पीस’ अशीच नोंद करावी. ती नोंद अपुरी नाही.