दिवाळीआधी ओटीजी साफ करताय? या चुका टाळा

दसरा उलटला की नानकटाईचे बेत सुरू होतात आणि पावसाळाभर झाकून ठेवलेला ओटीजी, म्हणजे टोस्ट-ग्रिलचा छोटा विजेचा ओव्हन, ओट्यावर येतो. दार उघडलं की आत कधीतरी सांडलेलं चीज करपून चिकटलेलं, काचेवर तपकिरी राप. मग लगेच ओलं फडकं, साबण, तारेची घासणी. जरा थांबा. माझ्या पाहण्यातले बहुतेक ओव्हन मळामुळे नाही, धुताना बिघडले आहेत.

आमच्या कोकणातल्या घरी असंच झालं. मी आतून साबणाच्या पाण्यानं निथळेपर्यंत पुसला, दुसऱ्या दिवशी प्लग लावून नॉब फिरवला आणि घरभर अंधार. ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला होता. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. मेकॅनिकनं मागचा पत्रा उघडून दाखवला: ओव्हन तापवणाऱ्या रॉडचं टोक जिथे बाहेर येतं, तिथे साबणाचा पांढरा थर वाळून बसला होता. रॉडच्या नळीत मधोमध तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओल शोषते. टोकाचं सील सैल झालं की पाणी किंवा पावसाळी दमट हवा आत शिरते आणि वीज बाहेरच्या पत्र्यात उतरू लागते. ईएलसीबी पडतो तो त्यामुळेच. अशा वेळी ईएलसीबी बायपास करून किंवा अर्थिंगची पिन काढून ओव्हन चालवायचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका, पत्र्याला हात लागला तर जीवावर बेतेल. रॉड तपासून घ्या, लागला तर बदला.

म्हणून रॉडला पाणी, साबण, स्प्रे काहीच लावायचं नाही. त्यावर पडलेलं अन्न पुढच्या तापण्यात जळून जातं, उरलेली राख मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची. प्लग काढून ओव्हन पूर्ण गार झाल्यावर आधी खालचा चुऱ्याचा ट्रे ओढा. टोस्टचा चुरा आणि तूप तिथेच साठतं आणि धुराचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं. जाळ्या आणि ट्रे बाहेर काढून गरम पाण्यात भिजवा. आतल्या पत्र्याला घट्ट पिळलेलं फडकं पुरतं.

खाण्याच्या सोड्याबद्दल सविस्तर सांगते, कारण इथे फार गोंधळ आहे. सोड्याची पेस्ट रात्रभर लावून ठेवा, असं अनेक व्हिडिओत सांगतात. ते एनॅमलच्या (काचेसारखा कडक लेप असलेल्या) मोठ्या ओव्हनसाठी ठीक. आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींचा आतला पत्रा अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. सोडा जास्त वेळ राहिला की अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. पेस्ट फक्त डागावर, वीस मिनिटं, मग दोनतीनदा पुसून काढा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस आला की वाटतं काम झालं, पण दोघंही एकमेकांना निकामी करतात. फेस बसल्यावर उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा. कॉस्टिक असलेले ओव्हन क्लीनर तर या पत्र्यावर नकोतच, ते मुलामाच खातात.

लिंबूपाण्याची वाटी ठेवून वाफ काढायची युक्ती मायक्रोवेव्हची आहे. ओटीजीत तेवढं पाणी उकळायला बराच वेळ लागतो आणि सगळी ओल आत फिरते.

काच गरम असताना गार फडकं लावू नका, तडकते. तारेची घासणीही नको: ओरखडे पडतात आणि तिचे बारीक तुकडे रॉडपाशी अडकतात. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं राप छान निघतो. चुऱ्याच्या ट्रेवर फॉइल अंथरण्याची सवयही मोडा. उष्णता परावर्तित होऊन खालचा रॉड जास्त तापतो.

आता काही तक्रारी. रॉड मध्येच विझतो म्हणून लोक मेकॅनिक बोलावतात, पण तापमान ठरल्याइतकं राखणारा थर्मोस्टॅट तेव्हा आपलं काम करत असतो. तापमान खरं आहे का, हे पाहायला मधल्या जाळीवर छोट्या वाटीत चमचाभर साखर ठेवा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर १५ मिनिटांत ती वितळू नये, १९० वर वितळावी. १७५ लाच पाणी झालं तर तुमचा ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतोय. प्लग गरम होत असेल तर ताबडतोब बंद करा. २००० वॉटचा ओव्हन जवळपास ९ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंटच हवा, ६ अँपिअरचा एक्स्टेंशन बोर्ड वितळतो.

साफ केल्यावर दार उघडं ठेवून दिवसभर वाळू द्या, मग खिडकी उघडी ठेवून १०० अंशांवर १५ मिनिटं रिकामा चालवा. पावसाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा असाच रिकामा तापवला तर रॉडमध्ये ओल साठत नाही. आमच्याकडे नवा रॉड बसवल्यापासून हे नेमानं करते. यंदा पहिल्या घाण्याला ईएलसीबी जागचा हलला नाही.