मूल न्यायला पुण्याला येताय? आधी नाव लिहा

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा पुढच्या महिन्यात न्यू जर्सीहून पुण्याला येतायत, दत्तक मुलाला घरी न्यायला. "तू केलंयस ना सगळं, मग यादी पाठव," म्हणाली. केलंय खरं, पण २०१९ मध्ये तीन आठवड्यांचं काम आम्ही सात आठवड्यांवर नेलं. नवऱ्याची रजा संपली, तो परत गेला, आणि मी कोथरूडला आईकडे राहून दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत बसले. कारण एकच होतं, आणि ते खाली इतक्यांदा येईल की वैतागाल.

पासपोर्ट, पैसे, नेहमीची औषधं हे मी लिहीत नाही. होम स्टडी म्हणजे घराची तपासणी, 'कारा' म्हणजे दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था आणि आय-८००ए हा अमेरिकेचा दत्तकाचा अर्ज, यांच्या चरकातून निघालेल्या माणसांना पासपोर्ट घ्या म्हणून सांगावं लागत नाही. फक्त ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर लग्नाचा दाखला बरोबर ठेवा. मूळ दाखला, झेरॉक्स नव्हे.

आता नाव. बाळाचं नाव काय ठेवायचं हे तुम्ही कधीच ठरवलं असेल. ते लिहायचं कसं, हे ठरवलंय का? आम्ही 'मीरा' ठरवलं आणि ती जिथे वाढत होती त्या संस्थेला फोनवर सांगितलं. तोंडी! कोर्टाच्या आदेशात तिचा 'मी' इंग्रजीत एका आयने आला. अमेरिकेच्या फॉर्मवर आम्हीच दोन ई घातले होते. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मध्ये वडिलांचं नाव आलं, जे बाकी कुठेच नव्हतं. यात कुणाचीही चूक नव्हती, आमच्याशिवाय. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच्या मुलीने दोन कागद शेजारी ठेवले, पेनाच्या टोपणाने आधी इथे टेकवलं, मग तिथे, आणि काहीही न बोलता फाइल माझ्याकडे सरकवली. पुढचा महिना त्या टोपणाने खाल्ला.

म्हणून एक कागद करा. देवनागरीत पूर्ण नाव, खाली इंग्रजी कॅपिटलमध्ये, जन्मतारीख, आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टवर आहेत तशीच. मधल्या नावाचा निकाल आधी लावा. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं, तिकडे ते आजीचं, आवडत्या फुलाचं, कशाचंही असतं किंवा नसतंच. ठेवायचं तर सगळीकडे, नाहीतर कुठेच नाही. हा कागद ईमेलने संस्थेला पाठवा, तुमच्या तिकडच्या एजन्सीलाही पाठवा, आणि दोघांकडून "हेच नाव वापरतो" असं लेखी उत्तर मागवा. तेही दत्तकाचा आदेश निघायच्या आधी. आमच्या वेळी कोर्ट होतं. १ सप्टेंबर २०२२ पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. बरेचसे आईबाप आदेश निघाल्यावरच विमानात बसतात, म्हणजे तुम्ही मुंबईत उतराल तेव्हा नाव छापून झालेलं असेल. नंतर रडून उपयोग नाही. आदेशावरून जन्मदाखला, त्यावरून पासपोर्ट, मग व्हिसा, अशी ही माळ आहे. पहिला मणी वाकडा गेला की सगळे वाकडे.

तारखा काढताना कॅलेंडर भिंतीवरचं बघा, फोनमधलं नको. गणपतीत पुण्यात कागद हलत नाही. विसर्जनाच्या दिवशी तर माणूसही हलत नाही. मार्चअखेरही टाळा. पासपोर्ट दहा दिवसांत द्यावा असं नियमात आहे, पण ते दहा दिवस अर्ज बिनचूक असेल तर. बिनचूक म्हणजे काय, ते वर सांगितलंय.

कपडे तिकडून आणू नका. संस्थेने कळवलेलं वजन दोन महिन्यांपूर्वीचं असतं, आणि दोन महिन्यांत पोरं वाढतात. मूल बघा, मग लक्ष्मी रोडला जा. खेळणी तुळशीबागेत. तिकडच्या दिव्यांच्या, गाणाऱ्या खेळण्याला आमची लेक घाबरली होती. तिने दिवसभर आईच्या स्वयंपाकघरातली चहाची गाळणी सोडली नाही.

पहिल्या भेटीला दोघंच जा. आजी, आत्या, औक्षणाचं ताट, व्हिडिओ काढणारा भाचा, कुणीही नको. रुसू देत. ज्या ताई बाळाला सांभाळतात त्यांच्याशी तासभर बोला आणि लिहून घ्या: झोपवताना पाठीवर थोपटतात की मांडी हलवतात, भातावर वरण असतं की दूध, शी लागली की काय म्हणतं. बाळाच्या अंगाखालची गोधडी मागा. देतात. आणि ती धुवू नका! माझ्या आईने कौतुकाने धुऊन वाळत घातली, त्या रात्री पोर पहाटेपर्यंत ती हुंगत रडत होती.

आणखी एक. संस्थेत मुलांना घरगुती नावाने हाक मारतात. आमची 'चिऊ' होती. 'मीरा' म्हटलं की ती मागे वळून बघायची, मीरा कोण आली म्हणून. तेव्हा हाक मारायचं नावही त्याच कागदाच्या मागे लिहा आणि निदान वर्षभर वापरा. मराठी गंजलं असेल तर घासून ठेवा. दोन वर्षांच्या मुलाला 'मम्मं', 'भुर्र' कळतं, तुमचं 'स्वीटी, कम हिअर' नाही.

जन्मदाखला हातात पडला की खिडकी सोडू नका. कागद काढा, एकेक अक्षर जुळवा. मागे रांग ओरडेल, ओरडू दे. पासपोर्टचा अर्ज भरताना पुन्हा जुळवा. परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र 'कारा' देते, त्यावरही जुळवा.

मग दिल्ली. दत्तक मुलांचा अमेरिकेचा व्हिसा तिथल्या वकिलातीतून होतो. मेडिकल शेवटच्या दिवसावर ठेवू नका. मूल दोन वर्षांचं किंवा मोठं असेल तर टीबीची रक्तचाचणी असते आणि रिपोर्टला वेळ लागतो. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या लसी तिकडे जाऊन देण्याचं प्रतिज्ञापत्र चालतं, डीएस-१९८१ नावाचं. हॉटेल वकिलातीजवळ घ्या, बाकी दिल्ली बघायची वेळ ही नव्हे.

विमान: डायपर दुप्पट, मेतकूट-भात डब्यात, गोधडी हातात. कागदपत्रं चेक-इन बॅगेत टाकाल तर माझ्याशी बोलू नका.

आयएच-३ या दत्तक मुलांच्या व्हिसावर तिकडे उतरलं की मूल अमेरिकन नागरिक होतं, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र नंतर पोस्टाने घरी येतं. पाकीट फोडलं की आधी स्पेलिंग बघा.