घरचा ब्रेड टोस्टसाठी एकसारखा कसा कापायचा

ब्रेड छान फुललाय, वरून मस्त रंग आलाय, आणि कापायला घेतला की स्लाइस वरून कागदासारखी नि खाली बोटभर जाड. टोस्टरमध्ये टाकली की पातळ बाजू करपते, जाड बाजू पांढरीच राहते, नाहीतर अर्ध्यातच अडकून बसते. एवढी मेहनत करून असं झालं की फार जिवाला लागतं. मी निम्मी कणीक निम्मा मैदा घालून आठवड्याला दोन लोफ करतो, त्यामुळे यातलं सगळं भोगून झालंय.

पहिलं म्हणजे ब्रेड पूर्ण गार हवा. "गरम असतानाच कापा, मऊ असतो" असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. ओव्हनमधून काढल्यावरही आत वाफ कोंडलेली असते, स्टार्च घट्ट झालेला नसतो, सुरी घातली की आतला भाग चिकट होऊन दबतो आणि तो परत वर येत नाही. टिनमधून काढून जाळीवर दोन-तीन तास. टोस्टसाठी तर आदल्या रात्री भाजून, गार झाल्यावर कापडात गुंडाळून, सकाळी कापलेलाच उत्तम.

सुरी लांब, दातेरी, 8 ते 10 इंच पात्याची. भाजीची सुरी नको आणि विळी तर नकोच, विळीवर ब्रेड ढकलावा लागतो आणि ढकलला की तो चेपणारच.

आता खरी अडचण. मला वाटायचं माझा हातच वाकडा आहे. हात सरळ ठेवायचो, श्वास रोखून कापायचो, तरी प्रत्येक स्लाइस खाली जाडच. नंतर एकदा सुरी उजेडात धरून नीट पाहिली तर दाते एकाच बाजूने घासलेले, दुसरी बाजू साफ सपाट. बऱ्याच ब्रेडच्या सुऱ्या अशाच असतात आणि अशी सुरी कापताना सपाट बाजूकडे सरकत जाते. उजव्या हाताने, लोफच्या उजव्या टोकाकडून कापत असाल तर ती हळूहळू डावीकडे, म्हणजे लोफच्या आत शिरते, म्हणून खालची कड जाड होते. आपली सुरी आधी तपासा, मग हाताला दोष द्या.

यावर मी जे करतो ते असं. लोफ कुशीवर आडवा ठेवायचा. वरचा फुगीर भाग चेपत नाही, आणि तळाचं कडक कवच शेवटी एकदम फाडावं लागत नाही, ते पहिल्यापासून थोडं थोडं कापलं जातं. मग खोल जायच्या आधी नुसती रेघ पाडायची, वरच्या अंगाला आणि माझ्याकडच्या नि पलीकडच्या कडेवरून खालपर्यंत. सुरीचं पातं या रेघांत बसलं की ते भटकत नाही. डोकं बरोबर सुरीच्या वर आणायचं, बाजूने वाकून बघितलं की सरळ दिसतं पण असतं तिरकं. आणि नजर हाताजवळ नको, पलीकडच्या रेघेवर हवी, कारण चुकतं ते तिकडेच.

जोर लावायचा नाही, हे मी कळकळीने सांगतोय. पूर्ण पातं पुढे-मागे लांब ओढायचं, करवतीसारखं, आणि सुरीच्या वजनानेच ती खाली जाऊ द्यायची. दाबलं की ब्रेड चेपतो, चेपलेल्या ब्रेडमध्ये सुरी वाकडी जाते आणि मग कितीही सावरलं तरी उपयोग नाही. डावा हात लोफवर हलकाच, बोटं आत वळवून. अर्ध्यापर्यंत गेल्यावर तिरकं जातंय असं वाटलं तर तिथे ओढाताण करू नका, सुरी काढा, लोफ उलटा करा आणि दुसऱ्या बाजूने त्याच रेघेत कापत या.

जाडी टोस्टरसाठी अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिमी. तव्यावर लोणी लावून भाजायची असेल तर थोडी जास्त चालते.

उरलेल्या स्लाइस फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे ब्रेड लवकर शिळा पडतो, आणि पावसाळ्यात बाहेर ठेवल्या तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरून थेट फ्रीझरमध्ये टाका, सकाळी हव्या तेवढ्या काढून तशाच टोस्टरमध्ये.