पोस्टग्रेस: रेप्लिका लावा, बॅकअप घ्या आणि तो उतरवून बघा

रेप्लिका म्हणजे प्रायमरीची (मुख्य डेटाबेस सर्व्हरची) सतत अद्ययावत राहणारी प्रत. कुणी चुकून टेबल उडवलं, तर रेप्लिकावरूनही ते क्षणात उडतं. मशीन किंवा झोन (रीजनमधला डेटासेंटरांचा स्वतंत्र गट) गेला तर रेप्लिका कामाची. डेटा बिघडला तर बॅकअपच लागतो. इथे धरलेली मांडणी अशी: एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये प्रायमरी, दुसऱ्या झोनमध्ये रेप्लिका, बॅकअप एस-थ्री या फाइल साठवण सेवेच्या बकेटमध्ये आणि त्या बकेटची प्रत हैदराबादला.

आधी वॉल आर्काइव्ह. वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही, आर्काइव्ह म्हणजे तिच्या फाइली वेगळीकडे जपणं. आर्काइव्ह मोड चालू केल्यावर सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो, रीलोडने भागत नाही. वॉलची फाइल १६ एमबीची. वर्दळ कमी असेल तर ती भरायला तासही लागतो आणि तेवढ्या वेळाचं काम आर्काइव्हमध्ये नसतं. म्हणून आर्काइव्ह टाइमआउट, म्हणजे फाइल न भरताही पाठवायची मुदत, ६० सेकंद ठेवा. मात्र अर्धवट फाइलही पूर्ण १६ एमबीचीच जाते. दर मिनिटाला एक धरली तर दिवसाला २३ जीबी होतात, तेव्हा कॉम्प्रेस करूनच पाठवा.

गफलत नेमकी इथेच होते. कॉम्प्रेस करणाऱ्या जीझिपचा पाइप अपलोडरला जोडला की शेलला फक्त शेवटच्या कमांडचा निकाल कळतो. जीझिप मध्येच पडलं, तुटकी फाइल वर गेली, तरी शून्य (म्हणजे यश) परत येतं आणि पोस्टग्रेस मूळ फाइल निर्धास्तपणे काढून टाकतं. हे काम बॅश स्क्रिप्टमध्ये ठेवा, त्यात पाइपफेल चालू करा, म्हणजे मधली कमांड पडली तरी अपयश कळेल.

बेस बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची पूर्ण प्रत, रोज रात्री पीजी-बेसबॅकअपने घ्या आणि तो तपासायला लगेच पीजी-व्हेरिफायबॅकअप चालवा.

रेप्लिकाला रेप्लिकेशन स्लॉट (तिने घेईपर्यंत वॉल राखून ठेवणारी सोय) दिलात तर मर्यादाही घाला. रेप्लिका बंद पडली की तिच्यासाठीचं वॉल प्रायमरीवर साचत जातं, डिस्क भरते आणि धडधाकट प्रायमरी बंद पडते. स्लॉटसाठी किती वॉल राखायचं याचं सेटिंग आवृत्ती १३ पासून आहे, पण मुळात ते अमर्याद असतं. वॉलच्या डिस्कचा तिसरा हिस्सा पुरे. रेप्लिकावर रिस्टोअर कमांड (आर्काइव्हमधून फाइल आणणारी) भरून ठेवली असेल, तर मर्यादा ओलांडल्यावरही ती आर्काइव्हमधून वॉल घेऊन प्रायमरीला गाठते. आर्काइव्हच अडलं तर मात्र ही मर्यादा वाचवत नाही, म्हणून पीजी-स्टॅट-आर्काइव्हर या आर्काइव्हची स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यातल्या शेवटच्या यशस्वी वेळेवर अलार्म लावा.

अलार्म 'बिघडलं' यावर नको, 'ठरलेल्या वेळेत यश आलं नाही' यावर हवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या प्रायमरीवरचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा डंप (डेटाबेसचा बॅकअप) घेणारं साधन पोस्टग्रेस ९.२ चं आणि सर्व्हर ९.६ चा असल्यामुळे बॅकअप होतच नव्हते, हे उघड झालं. अपयशाचे ईमेल मेल सर्व्हरने नाकारले होते.

हैदराबादच्या प्रतीसाठी दोन्ही बकेटांवर व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं) लागतं. प्रत करण्याचा नियम लावण्यापूर्वीच्या फाइल आपोआप जात नाहीत, त्यांच्यासाठी बॅच रेप्लिकेशन एकदा चालवा. केएमएस (एडब्ल्यूएसची किल्ल्या सांभाळणारी सेवा) किल्लीने एन्क्रिप्ट केलेल्या फाइलींना नियमात वेगळी मुभा द्यावी लागते, नाहीतर त्या मागेच राहतात.

आता खरी परीक्षा. आठवड्यातून एकदा कोऱ्या मशीनवर हैदराबादच्या प्रतीतून बॅकअप उतरवा, रिकव्हरी सुरू करायला सांगणारी रिकव्हरी सिग्नलची रिकामी फाइल ठेवा आणि टार्गेट टाइम, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंतचा डेटा हवा ती वेळ, द्या. टेबल दुपारी २:३० ला उडालं, तर १४:२९ लिहून थांबू नका, पुढे भारतीय वेळेचं +०५:३० हवंच. सर्व्हर यूटीसीवर असेल तर नुसते १४:२९ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे ७:५९, म्हणजे टेबल पुन्हा उडालेलंच. तिथवरचं वॉल नसेल तर रिकव्हरी एररने थांबते, ते त्यातल्या त्यात बरं.

टार्गेट गाठल्यावर डेटाबेस फक्त वाचता येईल अशा अवस्थेत थांबतो. मोठ्या टेबलांतल्या ओळी मोजा, शेवटच्या नोंदीची वेळ बघा, लागलेली मिनिटं लिहून ठेवा. सगळं ठीक असेल तरच प्रमोट करा, म्हणजे लिहिण्यासाठी खुला करा. आणि हे मशीन सुरू करण्याआधीच त्याचा आर्काइव्ह मोड बंद करा. कॉन्फिग तीच राहिली तर प्रमोट होताच ते खऱ्या बकेटमध्ये स्वतःचं वॉल लिहू लागेल.