सलाइनमधून सोडियम देताना या चुका टाळा

‘सोडियम कमी झालंय’ असं सांगितलं की कोल्हापुरातल्या वॉर्डात नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मग मिठाचं सलाइन लावा की, डॉक्टर.’ गडबड अशी की बहुतेक रुग्णांत मीठ संपलेलं नसतं, पाणी साठलेलं असतं. त्यामुळे आकडा कुठे जाणार हे जितकं बाटलीवर ठरतं, तितकंच लघवीवर ठरतं. खालच्या बऱ्याच चुका लघवीच्या पिशवीकडे न पाहिल्यामुळे होतात. हे ड्यूटी डॉक्टर, सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी आहे. घरच्यांनी वाचावं, पण घरी करून पाहण्यासारखं यात काही नाही.

आकड्यावर उपचार करणं

सोडियम ११२ (लिटरमागे मिलीइक्विव्हॅलंट; नॉर्मल १३५ ते १४५) असलेले दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असू शकतात. एकाला आकडी येतेय किंवा तो हाकेला ओ देत नाही. दुसरा बसून चहा पितोय, फक्त चालताना तोल जातो. रिपोर्ट एकच असला तरी उपचार वेगळे.

पहिल्याला ३ टक्के सलाइन (नेहमीच्यापेक्षा जास्त मिठाचं) लगेच: १०० मिली १० मिनिटांत. लक्षणं कायम राहिली तर पुन्हा, असं एकूण तीन वेळा. १५० मिली २० मिनिटांत देण्याची पद्धतही चालते. सोडियम ४ ते ६ ने वर आलं की मेंदूवरची सूज ओसरायला तेवढं पुरतं. त्याच दिवशी १३५ गाठायचं नसतं. इथे होणारी चूक घाईची नसून उशिराची असते. ‘सेंट्रल लाइन टाकू, आयसीयूत बेड मिळू दे, मग सुरू करू’ यात तास जातो. कोपराजवळच्या चांगल्या शिरेत १८ किंवा २० नंबरची सुई असेल तर ३ टक्के तिथूनच सुरू करा, फक्त जागेवर लक्ष ठेवा.

दुसऱ्याला असा झटपट डोस द्यायचा नाही. त्याचं सोडियम अनेक दिवसांत हळूहळू उतरलेलं असतं, मेंदूने स्वतःला त्याच्याशी जुळवून घेतलेलं असतं, आणि आता धोका भरभर वाढवण्याचाच आहे.

पण सलाइन ठरवण्याआधी रक्तातली साखर तपासली का? साखर ६०० असेल तर पेशींतलं पाणी रक्तात खेचलं जातं आणि सोडियम कमी दिसतं. १०० च्या वर दर १०० मागे १.६ मिळवा (काही जण २.४ धरतात). म्हणजे १२६ चा आकडा खरा १३४ निघतो आणि तिथे इन्सुलिनचा विचार करायचा असतो, ३ टक्क्यांचा नाही.

सरसकट नॉर्मल सलाइन

उलट्या-जुलाबाने कोरड्या पडलेल्या रुग्णाला नॉर्मल सलाइन योग्यच. पण न्यूमोनिया, मेंदूचा आजार, कार्बामाझेपिन (आकडीवरचं औषध) किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या यांमुळे शरीर पाणी धरून ठेवत असेल तर तेच सलाइन सोडियम आणखी खाली नेतं. हिशोब सोपा आहे. एक लिटर नॉर्मल सलाइनमध्ये ३०८ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) असतात. लघवीची तीव्रता (ऑस्मोलॅलिटी) ६०० वर अडकलेली असेल तर मूत्रपिंड तेवढं सगळं मीठ साधारण अर्ध्या लिटर लघवीत टाकून देतं. उरलेलं अर्धा लिटर साधं पाणी आत राहतं. संध्याकाळी सोडियम ११६ चं ११३ होतं आणि कुणीतरी आणखी एक बाटली चढवतं.

म्हणून पहिली बाटली लावण्याआधी लघवीची ऑस्मोलॅलिटी आणि लघवीतलं सोडियम या तपासण्यांचा नमुना घ्या. रिपोर्ट उशिरा आला तरी चालेल, नमुना आधीचा हवा. सलाइन आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) गेल्यावर घेतलेल्या लघवीवरून फारसं कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर सवयीने चढवलेलं ५ टक्के डेक्स्ट्रोजही इथेच मोजा: त्यात लिटरमागे सोडियम शून्य. रिंगर लॅक्टेटमध्ये १३०, नॉर्मल सलाइनमध्ये १५४, ३ टक्क्यांत ५१३.

सगळ्यात महाग चूक: आकडा धावत सुटणं

सलाइनने सोडियम किती वाढेल याच्या सूत्राप्रमाणे ४५ किलोच्या वृद्ध बाईला (शरीरातलं पाणी सुमारे २० लिटर, सोडियम ११०) ३ टक्के सलाइनच्या १०० मिलीने सोडियम जेमतेम २ ने वाढायला हवं. चार्टवर हे गणित लिहून सगळे निर्धास्त होतात. पण सूत्रात लघवी धरलेली नसते. पाणी धरून ठेवायचं कारण दूर झालं की मूत्रपिंड एकदम दार उघडतं आणि पाण्यासारखी लघवी सुरू होते. हे कधी होतं, ते आधी सांगता येतं: थायझाइडची (लघवी वाढवणारी बीपीची) गोळी बंद केल्यावर, कोरड्या रुग्णाला दोन-तीन बाटल्या गेल्यावर, अॅड्रिनल ग्रंथी कमी काम करणाऱ्या रुग्णाला हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) दिल्यावर, मळमळ थांबल्यावर. मग ड्रिप बंद असूनही सोडियम चढत राहतं.

तासाला १०० मिलीपेक्षा जास्त आणि फिकट लघवी दिसली की सोडियम लगेच तपासा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. सुरुवातीला दर दोन तासांनी, स्थिरावल्यावर चार ते सहा तासांनी नमुना. रात्री दोनचा नमुना चुकतो आणि सकाळी आकडा १२६ येतो, हे नेहमीचं.

मर्यादा: २४ तासांत ८, फार तर १०, ४८ तासांत १८. दारूचं व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार, पोटॅशियम कमी किंवा सोडियम १०५ पर्यंत उतरलेलं असेल तर ८ च्या पुढे जायचंच नाही. सुरुवातीच्या बोलसने (झटपट डोसने) वाढलेले ४-६ याच ८ मध्ये धरा. ते वेगळे मोजणं हीही एक चूक.

पोटॅशियम कुणी मोजत नाही. त्याच ४५ किलोच्या बाईला ४० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम दिलं तर सोडियमही सुमारे २ ने वाढतं. ‘सोडियम दिलंच नाही, तरी वाढलं कसं?’ याचं उत्तर अनेकदा पोटॅशियमच्या बाटलीत असतं.

मर्यादा ओलांडली तर आकडा परत खाली आणावा लागतो: वरिष्ठांच्या सल्ल्याने ५ टक्के डेक्स्ट्रोज तासाला किलोमागे ३ मिली आणि डेस्मोप्रेसिन (लघवीतून पाणी जाणं रोखणारं इंजेक्शन) २ मायक्रोग्रॅम शिरेतून, दर तासाला सोडियम. हे इंजेक्शन आपल्या फार्मसीत आहे का, हे दुपारीच विचारून ठेवा. आकडा भरभर वाढल्याने मेंदूचं होणारं नुकसान लगेच दिसत नाही, हा यातला फसवा भाग. रुग्ण आधी छान सुधारतो, आणि दोन ते सहा दिवसांनी बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, हातपाय गळतात. तोवर घरी पाठवलेलंही असतं.

बाटली, थेंब, नमुना

३ टक्के सलाइनची १०० मिलीची बाटली आणि अँटिबायोटिक पातळ करायची १०० मिलीची नॉर्मल सलाइनची बाटली एकाच कप्प्यात ठेवू नका. लांबून सारख्याच दिसतात. ३ टक्क्यांवर मोठी लाल पट्टी चिकटवा.

पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट घ्या. त्यात ६० थेंबांचा १ मिली होतो, म्हणून तासाला २५ मिली म्हणजे मिनिटाला २५ थेंब. साध्या २० थेंबांच्या सेटवर तोच वेग मिनिटाला आठ थेंब होतो. रुग्णाने हात वळवला की तो बदलतो.

नमुना ड्रिप नसलेल्या हातातून घ्या. एक आकडा ब्लड गॅस मशीनचा, पुढचा लॅबचा, अशी तुलनाही नको. ४ चा फरक यंत्राचाही असू शकतो.

तालुक्यातून पाठवताना

चंदगड किंवा गगनबावड्याहून सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात रुग्ण येतो आणि चिठ्ठीवर फक्त ‘सोडियम कमी, सलाइन दिले’ असतं. इथल्या डॉक्टरला २४ तासांचं घड्याळ कुठून सुरू करायचं ते कळत नाही. पहिला आकडा, तो घेतल्याची वेळ, कोणतं सलाइन किती मिली, पोटॅशियम किती आणि वाटेत लघवी किती झाली, एवढं लिहा. आकडी येत असेल तर पहिला १०० मिलीचा डोस तिथेच देऊन मग गाडीत घाला.

टोलव्हॅप्टन आणि घरी सोडताना

टोलव्हॅप्टनची (लघवीतून नुसतं पाणी बाहेर काढणारी) गोळी ३ टक्के सलाइनसोबत नको, कोरड्या रुग्णाला नको, आणि पहिले २४ तास पाणी तोडून तर मुळीच नको. ती दवाखान्यातच सुरू करायची.

डिस्चार्ज कार्डावर ‘बीपीची गोळी बदलली’ एवढं पुरत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोर्थॅलिडोन ही थायझाइड गटातली औषधं जोडगोळ्यांत लपलेली असतात. नावाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘सीटी’ असतं. घरी जुनं पाकीट उरलेलं असतं, आजी तेच पुन्हा सुरू करतात. सुनेला किंवा मुलाला पाकीट घेऊन बोलवा, गोळी दाखवा, बंद औषधाचं नाव मराठीत लिहून द्या आणि आठवड्याच्या आत सोडियम पुन्हा तपासायची तारीख टाका.