मॅनेजर निवडताना: नवोदित गायक-वादकांसाठी

महाराष्ट्रात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे वर्ष सणांवर चालते. गणेशोत्सव, नवरात्र, कोजागरी आणि दिवाळी पहाट यांच्या तारखा दोन-अडीच महिन्यांत एकमेकींवर येऊन आदळतात, आणि मधल्या पितृपक्षात फोन जवळजवळ वाजत नाही. या हंगामात चौकशांना उत्तरे देता देता रियाज मागे पडू लागला, एकाच संध्याकाळसाठी दोन मंडळांना होकार दिला गेला किंवा मानधनाचा आकडा सांगताना जीभ अडखळू लागली, तर मॅनेजरचा विचार करण्याची वेळ आली असे समजावे. वर्षाला पाच-सात कार्यक्रम होत असताना मॅनेजर नेमून ते पन्नास होतील, ही अपेक्षा मात्र धरू नये. तोवर घरातल्या कोणी एक वही आणि वेगळा फोन नंबर सांभाळला तरी पुष्कळ भागते.

हे काम आपल्याकडे नवे नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, आणि फडाचा मॅनेजर त्यांच्याशी सुपारी ठरवून, बयाणा घेऊन तारीख पक्की करतो. शहरातल्या गायकाच्या मॅनेजरचे काम मुळात याहून वेगळे नाही. त्यात प्रवासाची तिकिटे, साउंडवाल्याशी बोलणे, यूट्यूब चॅनेल आणि जाहिरातींचे व्यवहार यांची भर पडली आहे, इतकेच. त्यामुळे कोणाला भेटण्याआधी यांतली कोणती कामे द्यायची आणि कोणती स्वतःकडे ठेवायची, हे कागदावर लिहून काढावे. कोणती गाणी गायची आणि साथीला कोणाला घ्यायचे, हे निर्णय कधीही देऊ नयेत, असे माझे मत आहे.

माणूस शोधताना बहुतेकजण त्याच्या ओळखी पाहतात. अमक्या वाहिनीतला अधिकारी आपला मित्र आहे, तमक्या नेत्याच्या दहीहंडीचे काम आपल्याकडेच असते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतले काही खरेही बोलत असतात. परंतु ओळख आज असते, उद्या नसते. हिशेब ठेवण्याची सवय एक तर असते किंवा नसते. म्हणून तो ज्यांचे काम पाहतो किंवा पूर्वी पाहत असे, अशा दोन-तीन कलाकारांना स्वतंत्रपणे फोन करावा. शक्य असल्यास त्यांच्या तबलजींना किंवा की-बोर्ड वाजवणाऱ्यांनाही विचारावे, कारण पैसे अडकतात तेव्हा ते प्रथम साथीदारांचेच अडकतात. त्याला सोडून गेलेल्या कलाकाराशी तर जरूर बोलावे.

आणखी एक गोष्ट तपासावी. तो स्वतःच कार्यक्रमांचा आयोजक किंवा ठेकेदार असेल, तर त्याचे हित तुमच्या विरुद्ध जाऊ शकते. मंडळाकडून सव्वा लाख घेऊन तुम्हाला ऐंशी हजारच सांगितले जाणे हा त्यातला नेहमीचा प्रकार आहे. भारतीय करार कायदा, 1872 नुसार असा प्रतिनिधी मागितल्यावर हिशेब देण्यास बांधलेला असतो, आणि तुमच्या नकळत त्याने स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातला लाभ तुम्हाला मागता येतो. प्रत्यक्षात कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आयोजकाबरोबरच्या प्रत्येक करारपत्राची प्रत आपल्याकडे येईल आणि मानधन आपल्याच बँक खात्यात जमा होईल, अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवणे सोपे असते.

टक्केवारी साधारणपणे 15 ते 20 सांगितली जाते. आकड्याइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती कशावर काढायची. समजा, मानधन 80,000 रुपये आहे आणि साथीदार, प्रवास व साउंड इंजिनियर यांवर 45,000 खर्च होतात. एकूण रकमेवर 20 टक्के धरले तर मॅनेजरला 16,000 आणि तुम्हाला 19,000 मिळतात. खर्च वजा करून उरलेल्या 35,000 वर धरले तर त्याला 7,000 आणि तुम्हाला 28,000. नवोदिताने दुसऱ्या पद्धतीचाच आग्रह धरावा. शिकवण्या, शिष्यवृत्ती आणि मॅनेजर येण्याआधी ठरलेले कार्यक्रम टक्केवारीतून वगळले आहेत, असेही स्पष्ट लिहून घ्यावे.

सुरुवातीला सहा महिन्यांचे किंवा एका हंगामाचे ठरावपत्र पुरेसे आहे. पाच वर्षांच्या करारावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर सही करू नये. कलाकार 18 वर्षांखालील असेल तर व्यवहार पालकांनीच करावा आणि वकिलाला कागद दाखवावा. करार संपल्यावरही बांधून ठेवणाऱ्या अटी नीट वाचाव्यात. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या मॅनेजमेंट करारात अशी अट होती, की मुदत संपल्यानंतरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो आधी जुन्या कंपनीपुढे ठेवावा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट करार कायद्याच्या कलम 27 (व्यवसाय करण्यास आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवणारे कलम) विरुद्ध जाणारी ठरवली. प्रकरण खेळाडूचे असले तरी संगीतकारांच्या करारांतही अशाच अटी घातल्या जातात, म्हणून ते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

गाणी तुम्हीच लिहीत किंवा चाली लावत असाल, तर त्यांचे हक्क मॅनेजरच्या नावावर जाऊ देऊ नयेत. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी यांच्याखेरीज इतरांना देऊन टाकता येत नाही. तेव्हा गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचे सभासदत्व स्वतःच्या नावाने घ्यावे. यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि गाणी वितरित करणाऱ्या सेवेची खाती तुमच्या ईमेलवर उघडलेली असावीत, मॅनेजरला फक्त वापरण्याची परवानगी द्यावी.

वेगळे होण्याची रीतही आधीच ठरवावी: एक महिन्याची लेखी सूचना, त्याने आधीच पक्क्या केलेल्या तारखांवर त्याची टक्केवारी, आणि त्यानंतर काही नाही. निघताना त्याने आयोजकांचे संपर्क, घेतलेल्या बयाण्यांचा हिशेब आणि पुढील तारखांची वही तुमच्या हाती द्यावी, हे वाक्य ठरावपत्रात शब्दशः घालावे.